खर्च कुणाचा, लाभ कुणाला?

पावसाळ्याचा जोर ओसरू लागला, उडीद-मूग घरात आले आणि सोयाबीनची पाने पिवळी पडू लागली, की तेरणाकाठच्या गावांकडे दोन तारखा पाठोपाठ येतात. १७ सप्टेंबर हा मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. त्या सकाळी आपल्याकडे शाळेच्या पटांगणात पुन्हा एकदा झेंडा चढतो, प्रभातफेरी वेशीपर्यंत जाऊन येते, हुतात्म्यांना वंदन होते. त्यानंतर तेराच दिवसांनी ३० सप्टेंबर. १९९३ साली गणपतीचे विसर्जन आटोपून गावे गाढ झोपलेली असताना पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी-सास्तूरचा पट्टा हादरला आणि सुमारे दहा हजार माणसे दगडमातीच्या भिंतींखाली गेली. एक तारीख मिळवल्याची, दुसरी गमावल्याची. माकणीसारख्या गावात या दोहोंच्या मधले दिवस माणसाला आपसूक मागेपुढे पाहायला लावतात.

या दिवसांत आपण शाळेचा हिशेब मांडावा, असे सुचवावेसे वाटते. कारण दोन्ही तारखांना शाळेचा धागा आहे. मुक्तिसंग्रामाचे एक मूळ हिप्परग्याच्या शाळेपाशी जाते आणि भूकंपानंतर या मुलखात जी कामे तग धरून राहिली, त्यांतली कितीतरी शिक्षणाची आहेत. शिवाय हिशेबाचा प्रश्न आता आपल्या दारात येऊन उभा आहे. २०२३ च्या सप्टेंबरातच, म्हणजे झेंडावंदनाच्या याच दिवसांत, वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा उभारता येतील का, याचे प्रस्ताव शिक्षण आयुक्तांनी जिल्ह्याजिल्ह्यांतून मागवले. पानशेत आणि तोरणमाळची उदाहरणे दिली गेली. भूमिका अशी, की दोन शिक्षक, चार भिंती आणि बारा मुले हे सरकारला परवडत नाही आणि मुलांच्याही हिताचे नाही. गदारोळ झाला, निवेदने गेली, मोर्चे निघाले. पण ‘परवडत नाही’ म्हणजे कुणाला परवडत नाही, हा साधा प्रश्न त्या गलबल्यात मागेच राहिला.

परवडण्याचा हा हिशेब माकणीला नवा नाही. निम्न तेरणा प्रकल्पाचे धरण आपल्याच शिवारात आहे. असा कोणताही सिंचन प्रकल्प मंजूर होतो तेव्हा त्याचे लाभ-व्यय गुणोत्तर काढले जाते: एका पारड्यात भिंत, कालवे, भूसंपादन, दुसऱ्यात भिजणारे क्षेत्र आणि वाढणारे पीक. कागदावर गुणोत्तर जुळले की काम सुरू होते. पण धरणाच्या गावात राहणाऱ्याला त्या कागदाच्या पाठीमागची बाजूही ठाऊक असते. जमीन ज्यांची गेली ते वेगळे, पाणी ज्यांना मिळाले ते वेगळे. कालवा खाली लातूर जिल्ह्यात उतरतो आणि काठावरच्या एखाद्या वस्तीला उन्हाळ्यात टँकर लागतो. बेरीज बरोबर असते, पण ती दोन निरनिराळ्या माणसांच्या खात्यांची बेरीज असते. आणखी एक गोष्ट इथे नोंदवून ठेवण्याजोगी आहे. धरणांसाठी साधारणपणे दीड या गुणोत्तराची अपेक्षा धरली जाते. अवर्षणप्रवण भागात मात्र ती एकवर आणली जाते. कोरडवाहू मुलखाला तेवढ्या कडक मापाने मोजणे अन्यायाचे आहे, हे आपल्या नियोजनकर्त्यांनी पाण्याच्या बाबतीत मान्य केलेले आहे. त्याच मुलखातल्या शाळेच्या पटाला मात्र अशी सवलत देण्याचे कुणाला सुचत नाही.

कोण भरतो आणि कुणाच्या पदरात पडते, हा प्रश्न आपल्याकडे ठणकावून विचारणारे एक गृहस्थ स्वतःही धरणाच्या कामाशी संबंधित होते. खडकवासल्याच्या बांधकामाला माल पुरवणारे कंत्राटदार जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जे निवेदन ठेवले, ते आपण सहसा मुला-मुलींच्या शिक्षणाचा पुरस्कार म्हणून वाचतो. खरे तर ते हिशेबाचेही निवेदन आहे. सारा भरतो शेतकरी; त्या पैशातून पोसली जाते ती वरिष्ठ वर्गाची उच्च शाळा आणि महाविद्यालये; आणि सारा भरणाऱ्याच्या गावात साधी प्राथमिक शाळाही धड नाही, असा त्यांचा मुद्दा होता. म्हणून बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे शिक्षण द्यावे, मास्तर शेती करणाऱ्या वर्गातून तयार करावेत आणि त्यांना पोट भरेल एवढा पगार द्यावा, अशी मागणी त्यांनी केली. शिक्षणावर खर्च फार होतो की कमी, एवढ्यावर ते थांबले नाहीत. खर्चाची वाट कुठून कुठे जाते, हे त्यांनी दाखवले. सव्वाशेहून अधिक वर्षे उलटली, तरी आपल्या योजनांचे बहुतेक मूल्यमापन या पायरीपर्यंत अजून आलेले नाही.

आता हिप्परग्याचे पाहू. आपल्या लोहारा तालुक्यातल्याच हिप्परगा (रवा) इथे १९२१ मध्ये राष्ट्रीय शाळा उभी राहिली. निजामी राजवटीत उर्दू ही कारभाराची आणि वरच्या शिक्षणाचीही भाषा. खासगी शाळा म्हटली की संशयाची नजर ठरलेली. अशा काळात १९२९ साली व्यंकटेश खेडगीकर नावाचा पंचविशीतला तरुण इथे मुख्याध्यापक म्हणून आला. सिंदगीचा जन्म, दिल्लीत ना. म. जोशींबरोबर कामगारांच्या चळवळीत काम केलेले. इथेच राहून त्याने संन्यास घेतला आणि मराठवाड्याला स्वामी रामानंद तीर्थ मिळाले. १९३५ मध्ये ते अंबाजोगाईला गेले, तिथे योगेश्वरीच्या शाळेतून तेच काम पुढे नेले आणि त्यानंतरचा इतिहास आपण दर १७ सप्टेंबरला भाषणांतून ऐकतोच.

समजा, १९३५ साली एखाद्या काटेकोर लेखनिसाने हिप्परग्याच्या शाळेचा ताळेबंद मांडला असता. आडगावचे ठिकाण, लोकांच्या देणग्यांवर चाललेला संसार, सरकार-दरबारी नोकरी मिळवून देणे हा शाळेचा हेतूच नाही, आणि आता मुख्याध्यापकही निघून चालले. शेरा काय पडला असता, ते सांगायला नको. तेरा वर्षांनी हैदराबाद संस्थान मुक्त झाले, तेव्हा त्या शाळेच्या खात्यावर कुणी काही जमा केले नाही. तसे करण्याची सोयही कोणत्या वहीत नव्हती. शिक्षणाचा लाभ उशिरा येतो आणि पुष्कळदा दुसऱ्याच गावी उतरतो. हिप्परग्याने पेरले आणि अंबाजोगाई, हैदराबाद, नांदेड इथे उगवले. आज नांदेडच्या विद्यापीठाला स्वामीजींचे नाव आहे. हिप्परग्याला वर्षातून एकदा हारतुरे मिळतात.

मात्र या गोष्टीचा एक धोकाही आहे. ‘शिक्षणाचा लाभ मोजता येत नाही’ हे वाक्य कानाला फार गोड लागते आणि त्याच्या आड हवे ते झाकता येते. २०१५ नंतर ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’च्या लाटेत जिल्हा परिषदेच्या शाळा डिजिटल करण्याची अहमहमिका लागली. गावोगावी लोकवर्गणी झाली, गणेश मंडळांनी पैसे दिले, माजी विद्यार्थ्यांनी टीव्ही घेऊन दिला. फीत कापली गेली, छायाचित्रे वरपर्यंत पोचली. त्यानंतर महिन्याच्या महिन्याला विजेचे बिल येऊ लागले. ते कुणी भरायचे, हे कोणत्याही परिपत्रकात नीट लिहिलेले नव्हते आणि राज्यात कितीतरी शाळांची जोडणी थकबाकीपायी तोडली गेली. आजही एखाद्या शाळेच्या कार्यालयात जुन्या टेबलक्लॉथखाली तो प्रोजेक्टर दिसतो. धूळ बसू नये म्हणून वरून प्लास्टिकची पिशवी घातलेली, रिमोट कपाटात कुलपाखाली, आणि साहित्य नोंदवहीत मात्र तो ‘सुस्थितीत’. या खर्चाचा जाब विचारू नये, असे हिप्परग्याचा इतिहास मुळीच सांगत नाही.

जाब विचारायचा तर कसा, याचा एक चांगला धडा मुंबईतून मिळाला आहे. माधव चव्हाणांच्या ‘प्रथम’ या संस्थेने मुंबईच्या आणि बडोद्याच्या महापालिका शाळांत ‘बालसखी’ नावाचा उपक्रम चालवला. मागे पडलेली मुले रोज दोन तास वर्गाबाहेर काढायची आणि वस्तीतल्याच एखाद्या शिकलेल्या तरुणीने त्यांना वाचन-आकडेमोड शिकवायची, एवढीच कल्पना. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ ते २००३ या काळात त्याची पारख केली. त्याचबरोबर बडोद्यात संगणकावर गणित शिकवण्याचीही केली. (बॅनर्जी मुंबईत जन्मलेले, आई मराठी, २०१९ चे नोबेल त्यांना, डुफ्लोंना आणि मायकेल क्रेमर यांना विभागून मिळाले.) दोन्ही उपायांनी मुलांची प्रगती झाली. गणितात संगणक बालसखीच्या पुढेच होता. पण एका मुलामागे येणारा खर्च लावून पाहिला, तेव्हा वस्तीतली ती तरुणी संगणकापेक्षा कितीतरी पटींनी स्वस्त ठरली.

इतके आपल्याला आवडते आणि इतकेच बहुधा सांगितले जाते. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट अधिक मोलाची आहे. उपक्रम थांबल्यावर वर्षभराने मुलांना पुन्हा तपासले, तेव्हा मिळवलेल्यातले बरेचसे ओसरले होते. थोडेसे उरले होते. म्हणजे एका वर्षाच्या खर्चावर एका वर्षाचा लाभ लिहून वही मिटता येत नाही. आपल्या योजना तीन वर्षांच्या, पाच वर्षांच्या. नाव बदलून पुन्हा नव्या. २०१८ पासून आपला जिल्हा ‘आकांक्षित’ म्हणून देशाच्या यादीत आहे. त्या गुणांकनात शंभरापैकी तीस गुण शिक्षणाचे, आणि दर महिन्याला क्रमवारी. क्रम वर सरकला की आपल्याला आनंद होतो, तो व्हावाही. पण महिन्याच्या क्रमवारीत जे दिसते ते बहुतेक शौचालय, वीज, पुस्तकवाटप असे. मूल आठवी सोडताना काय घेऊन गेले, ते दिसायला आठ वर्षे लागतात आणि तोवर जिल्हाधिकारी कितीदा तरी बदललेले असतात.

भूकंपानंतरच्या कामांकडे या नजरेने पाहिले तर पुष्कळ शिकता येते. त्या वेळी पोरक्या आणि उघड्यावर पडलेल्या मुलांच्या शिक्षणाच्या तीन वाटा निघाल्या. भारतीय जैन संघटनेने शांतिलाल मुथ्था यांच्या पुढाकाराने सुमारे १,२०० मुले पुण्याला नेली. पुढे वाघोलीला त्यांच्यासाठी मोठे संकुल उभे राहिले. राष्ट्र सेवा दलाच्या परंपरेतल्या पन्नालाल सुराणांनी नळदुर्गजवळ ‘आपलं घर’ काढले आणि मुलांना त्यांच्या मातीच्या जवळ ठेवले. ज्ञान प्रबोधिनीने पुण्याहून येऊन आपल्याच तालुक्यात हराळीला निवासी शाळा वसवली, शेतीच्या मधोमध, शेतीसह. मुलाला शाळेकडे न्यायचे, की शाळा मुलाकडे आणायची? पुण्याला गेलेल्या मुलांना मोठ्या शहराची दारे उघडली आणि गावाची काही दारे कायमची लागली. जवळ राहिलेल्यांना संधी कमी मिळाल्या असतील. पण सणावाराला चुलत्याचे घर, गावची जत्रा, बांधावरची ओळख हातची गेली नाही. कोणती वाट सरस, याचा निवाडा बाहेरच्या कुणी करू नये. ती मुले आज चाळिशीच्या आसपास आहेत, स्वतः आईबाप आहेत. त्यांनाच एकत्र बसवून विचारावे, काय मिळाले आणि त्याची किंमत कशात मोजली? तीस वर्षांनी असे विचारणारी एक सभा या सप्टेंबरात सास्तूरला किंवा माकणीला भरवणे अवघड नाही, आणि कोणत्याही अहवालापेक्षा ती अधिक सांगून जाईल.

आता लहान रकमांकडे येऊ. मोठ्या रकमांवर वाद होतात, लहान रकमा वर्षानुवर्षे तशाच पडून राहतात. १९९२ मध्ये, सावित्रीबाईंच्या नावाने, अनुसूचित जाती-जमाती आणि भटक्या-विमुक्तांच्या पहिली ते चौथीतल्या मुलींसाठी राज्याने उपस्थिती भत्ता सुरू केला: दिवसाला एक रुपया. हेतू उदात्त होता आणि त्या काळी रुपयालाही थोडी किंमत होती. तीस वर्षे गेली, खुरपणीची मजुरी कुठल्या कुठे गेली, रुपया रुपयाच राहिला. मुलगी शाळेत आल्याने घराला होणारा तोटा भरून काढण्यासाठी ही योजना होती. तो तोटा आज किती, हे कुणी पुन्हा मोजलेच नाही. उलट काटछाट करायची वेळ आली की चटकन मोजले जाते. शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडे मिळू लागले होते. जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा निधी थांबला आणि हवे असेल तर लोकसहभागातून द्या, असे सांगण्यात आले. वाचले सुमारे ५० कोटी रुपये. राज्याच्या तिजोरीत ही रक्कम शोधावी लागेल. मुलाच्या ताटात मात्र अंडे नाही हे शोधावे लागत नाही.

खिचडीचेच पाहा. पहिली ते पाचवीला माणशी १०० ग्रॅम तांदूळ, सहावी ते आठवीला १५०. रोज सकाळी हजेरी झाली की पट सांगितला जातो, तांदूळ मापला जातो, डाळ पडते, मसाला-मीठ पडते आणि साडेबारा-एकच्या सुमारास फोडणीचा वास वर्गात शिरला की शेवटच्या तासिकेतले लक्ष उडते. ही योजना शाळेत मुले टिकवते, हे आपण डोळ्यांनी पाहिले आहे. तिचा लाभ वादातीत आहे. पण तिच्या खर्चाच्या रकान्यात काय काय लिहिले जाते? धान्य, इंधन, भाजीपाला. स्वयंपाक करणाऱ्या ताईला महिन्याला अडीच हजार रुपये मानधन आहे. सकाळी नऊपासून भांडी घासून होईपर्यंतचा तिचा दिवस इतक्यात बसतो, याचा अर्थ उरलेली रक्कम ती स्वतः भरते. गुरुजींचेही तसेच. किती मुले जेवली, हे ॲपवर भरायचे, यू-डायसची माहिती, निरक्षरांचे सर्वेक्षण, मतदारयाद्या, पुन्हा तीच माहिती दुसऱ्या तक्त्यात. प्रत्येक नवी योजना ‘विनाखर्च’ म्हणून येते, कारण शिक्षकाचा तास फुकट धरलेला असतो. दोन शिक्षकी शाळेत एक जण माहिती भरायला बसला, की चार वर्ग दुसऱ्याकडे जातात. त्या तासाची किंमत लावली, तर स्वस्त वाटणाऱ्या अनेक योजना महाग ठरतील आणि एखादा जादा शिक्षक महाग वाटणार नाही.

जयंत पांडुरंग नाईक, आपले जे. पी. नाईक, हे कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव होते. त्या आयोगाने राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के शिक्षणावर खर्च व्हावेत असे १९६६ मध्येच सांगितले. समता, गुणवत्ता आणि प्रसार या तिन्ही गोष्टी एकदम साधणे किती कठीण, हेही नाईकांनी पुढे लिहून ठेवले. तेव्हा पैसे कमी आणि निवड कठीण, हे खरेच आहे. निवड करावीच लागेल. फक्त ती करताना जे भरतात त्यांना टेबलापाशी जागा हवी. ती जागा कायद्याने दिलेली आहे: शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक, निम्म्या महिला. आपण ती समिती सह्यांपुरती ठेवली, यात सरकारचा दोष थोडा आणि आपला पुष्कळ.

हा हिशेब गावात बसून करायचा, तर सुरुवात कुठून करावी हेही या दिवसांतच दिसते. दसरा आला की कारखान्यांचे बॉयलर पेटतील, दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीच्या टोळ्या निघतील. आपल्या जिल्ह्यातल्या कोरडवाहू गावांतून जोडप्यांमागून मुलेही जातात. दहा-अकरा वर्षांची मुलगी कोपीवर धाकट्याला सांभाळते, वाढे गोळा करते. एप्रिलमध्ये परत येते तेव्हा तिचा वर्ग पुढे गेलेला असतो आणि हजेरीपटावर तिचे नाव असते तसेच असते. ही मुले गावात राहावीत म्हणून हंगामी वसतिगृहाची सोय आहे. आजी-आजोबांपाशी मुक्काम आणि दोन वेळचे जेवण शाळेमार्फत, असा तो साधा बेत. शिक्षणावरच्या सगळ्या खर्चात याच्याइतका थेट फळणारा खर्च क्वचितच असेल. अडचण एवढीच, की प्रस्ताव हलायला, मंजुरी यायला आणि पैसे उतरायला उशीर होतो. तोवर बैलगाड्या आणि ट्रॅक्टर निघून गेलेले असतात. म्हणून हे काम २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत व्हायला हवे. कोणत्या घरातला कोयता यंदा कुठे चालला, घरात मुले किती, मागे राहणारे कोण, त्यांच्याने रात्री सांभाळणे होईल का, जेवण कोण करील आणि तिला काय द्यायचे, याची यादी मुख्याध्यापकांनी आणि समितीने सगळ्यांदेखत वाचावी आणि ठराव गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे त्याच आठवड्यात जावा. उचल वाटून झालेल्या गावात अशी एक यादी आजही तयार आहे, पण ती मुकादमाच्या वहीत आहे. दसऱ्याच्या आधी ती शाळेच्या दप्तरात यायला हवी.